लॉटरीची जाहिरात करताय? मग खरं बोलून होणारी फसवणूक आधी पकडायला शिका

लॉटरीच्या जाहिरातीचा विषय निघाला की लोक दोन टोकं गाठतात. काहीजण म्हणतात जुगार तो जुगार, त्याची कसली आलीये जबाबदार जाहिरात. बाकीच्यांना वाटतं खाली बारीक अक्षरात 'जबाबदारीने खेळा' टाकलं की आपण सुटलो. मी बरीच वर्षं जाहिरातींची कॉपी, म्हणजे मजकूर, लिहितोय, त्यातली काही वर्षं लॉटरीचं काम माझ्याकडे होतं, आणि तेवढ्यात एक गोष्ट पक्की कळली की या धंद्यात धडधडीत खोटं वाक्य फारसं कोणी लिहीत नाही. एकेक ओळ सुटी करून तपासली तर सगळ्या खऱ्या निघतात, तरी पूर्ण जाहिरात बघून उठलेला माणूस डोक्यात भलतंच काहीतरी घेऊन जातो. खोटं पकडायला वकील असतो. हे दुसरं पकडायचं काम मात्र लिहिणाऱ्याचं आणि डिझाइन करणाऱ्याचं, आणि ते कसं करायचं ते माझ्या परीने सांगतो.

कायद्याचं कंटाळवाणं काम सगळ्यात आधी उरकून घ्या. जिथे जाहिरात दिसणार तिथे ही लॉटरी चालवायला परवानगी आहे का, जाहिरातीला परवानगी आहे का (या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इटलीने 2018 साली जुगाराच्या जाहिरातींवर बंदी आणली), वयाची अट काय, कुठली माहिती छापणं सक्तीचं. ऑनलाइन जाहिरात सीमा ओलांडून जाते हे विसरू नका, एका ठिकाणची परवानगी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. आणि परवानगीचे कागद 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्या क्लायंटचं काम कागद येईपर्यंत सुरू करू नका, बस.

शक्यता आधी स्वतःच्या डोक्यात उतरू द्या

ज्याला स्वतःला आकडा कळलेला नाही तो दुसऱ्याला प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, आणि मी पैजेवर सांगतो लॉटरीच्या जाहिराती लिहिणाऱ्या निम्म्या लोकांना तो कळलेला नसतो. मलाही नव्हता.

49 आकड्यांतून 6 निवडायचे हा जुना, जगभर चालणारा खेळ घ्या. सहाही जुळायची शक्यता 1 कोटी 39 लाख 83 हजार 816 मध्ये 1. हा आकडा वाचून काहीच होत नाही ना? माझंही नव्हतं झालं. मग मी तो आठवड्यांत मोडून बघितला, दर आठवड्याला एक तिकीट घेतलं तर तेवढी तिकिटं व्हायला अडीच लाख वर्षांहून जास्त लागतील. आणि तेवढी वर्षं खेळूनसुद्धा लागेलच असं नाही, कारण प्रत्येक ड्रॉ नव्याने सुरू होतो, आधीचं काही खात्यात जमा होत नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की 'कधीतरी लागणारच' असली ओळ लिहायला हात धजावत नाही.

आता 'दोन तिकिटं घ्या, संधी दुप्पट!' ही ओळ बघा. खरी आहे. गणिताचे मास्तर पूर्ण मार्क देतील. पण दुप्पट म्हणजे किती, तर 69 लाख 91 हजार 908 मध्ये 1, म्हणजे खर्च खरोखर दुप्पट झाला आणि संधी होती तिथेच, शून्याच्या शेजारी. वाचणाऱ्याला मात्र 'दुप्पट' हा शब्द कानात वाजत राहतो. माझा नियम असा की दुप्पट, तिप्पट, दसपट असला कुठलाही पट लिहायचा असेल तर कशाची पट ते त्याच ओळीत आलं पाहिजे, आणि आल्यावर ती ओळ हास्यास्पद वाटली (वाटतेच) तर ओळ काढायची.

यातली अजून एक मेख फार कमी लोकांना माहितीये. जॅकपॉट मोठा होतो तो खेळ उदार झाला म्हणून होतो असं नाही, पुष्कळदा तो कठीण केल्यामुळे मोठा होतो. अमेरिकेतल्या पॉवरबॉलने ऑक्टोबर 2015 मध्ये आकड्यांची मांडणी बदलली, त्यामुळे जॅकपॉटची शक्यता 17 कोटी 52 लाख 23 हजार 510 मध्ये 1 होती ती 29 कोटी 22 लाख 1 हजार 338 मध्ये 1 झाली. लागायला कठीण, म्हणून बक्षीस न लागता पुढे पुढे ढकललं जातं, फुगत जातं, आणि पुढच्याच जानेवारीत तो दीड अब्ज डॉलरच्या पार गेला, जगभर बातम्या झाल्या. त्याच महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर 2015 मध्येच, ब्रिटनच्या लोट्टोनेही 49 चे 59 आकडे केले आणि 1 कोटी 39 लाखांचा तो आकडा 4 कोटी 50 लाख 57 हजार 474 वर गेला. आता अशा वेळी 'आजवरचं सर्वात मोठं बक्षीस' एवढंच ओरडणारी जाहिरात खोटी नाही, पण ते बक्षीस कशामुळे मोठं झालं हे तिने गिळून टाकलेलं असतं. खेळाचे नियम बदलले असतील तर ते बदल आणि नवी शक्यता ही बक्षिसाच्या बातमीइतक्याच ठळकपणे सांगा, निदान पहिले काही महिने तरी.

जॅकपॉटचा आकडा छापताना तो नेमका कुठला आकडा आहे हेही बघा. पॉवरबॉलच्या जाहिरातीत झळकतो तो आकडा 29 वर्षांत 30 हप्त्यांनी मिळणारा असतो, एकदम रोख हवे असतील तर रक्कम पुष्कळ कमी, आणि त्यातूनही कर जातो. होर्डिंगवर एकच आकडा मावत असेल तर मी म्हणेन रोख रकमेचा टाका. दोन्ही मावत असतील तर दोन्ही टाका, आणि बक्षीस कितीजणांत वाटलं जाऊ शकतं हेही.

स्क्रॅचकार्डवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण तिथली मखलाशी वेगळी असते. 'दर चार तिकिटांमागे एक विजेता' असं छापायचं आणि त्या विजेत्यांत मोठा भाग असतो फक्त तिकिटाची किंमत परत मिळालेल्यांचा. घातले तेवढेच परत आले, याला घरी आपण जिंकलो म्हणतो का? म्हणून 'तिकिटाच्या किमतीपेक्षा जास्त मिळण्याची शक्यता' असा आकडा वेगळा काढायला लावा, क्लायंटकडे तो असतोच. दुसरं म्हणजे मोठी बक्षिसं आधीच लागून गेली असतील तर त्या मालिकेची 'मोठं बक्षीस जिंका' ही जाहिरात त्या दिवशी थांबली पाहिजे. किती मोठी बक्षिसं शिल्लक आहेत हे बऱ्याच लॉटऱ्या वेबसाइटवर टाकतात, चांगलंय, पण पोस्टर अजून भिंतीवर असेल तर वेबसाइटवर जाऊन बघणार कोण.

'बऱ्याच दिवसांत आला नाही' हा आकडा जाहिरातीत आणू नका

यावर जरा थांबतो, कारण सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोरांना हा कंटेंट फार आवडतो. गरम (म्हणजे सारखे येणारे) आकडे, थंड (म्हणजे क्वचित येणारे) आकडे, गेल्या 50 ड्रॉमध्ये न आलेले आकडे, तक्ते, रंगीत ग्राफ. लोक सेव्ह करून ठेवतात, शेअर करतात, एंगेजमेंट मस्त येतं, आणि तक्त्यातला एकेक आकडा खरा असतो.

तर इटलीतली गोष्ट ऐका. तिथल्या लोट्टोमध्ये शहरांच्या नावाने ड्रॉ होतात, प्रत्येक ड्रॉमध्ये 90 पैकी 5 आकडे निघतात. व्हेनिसच्या ड्रॉमध्ये 53 हा आकडा जवळपास दोन वर्षं आलाच नाही. आता तर यायलाच पाहिजे म्हणून लोक त्यावर पैसे लावत गेले, दर वेळी आधीपेक्षा जास्त, अब्जावधी युरो गेले, कर्जबाजारी झालेल्यांच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. शेवटी 9 फेब्रुवारी 2005 ला तो आला. आणि गणित काय सांगतं, तर त्या दिवशीही तो यायची शक्यता 18 मध्ये 1 होती, पहिल्या दिवशी होती तेवढीच. पेटीतल्या गोळ्यांना आपण कधीपासून बाहेर आलो नाही याची आठवण नसते.

उलट बाजूनेही तसंच. बल्गेरियात सप्टेंबर 2009 मध्ये 6 तारखेला आणि लगेच पुढच्या, 10 तारखेच्या ड्रॉमध्ये तेच सहा आकडे निघाले, 4, 15, 23, 24, 35, 42, चौकशी बसली, गडबड काही सापडली नाही. दक्षिण आफ्रिकेत 1 डिसेंबर 2020 ला 5, 6, 7, 8, 9 आणि पॉवरबॉल (तिथल्या खेळातला वेगळा काढला जाणारा जादा आकडा) 10 असे ओळीने आले, 20 जणांनी तेच लावले होते, जॅकपॉट वीस ठिकाणी वाटला गेला. लोकांना दोन्ही वेळा घोटाळ्याचा वास आला, कारण आपल्या मनात 'असे आकडे येत नसतात' असं काहीतरी बसलेलं असतं. असल्या गोष्टी पोस्टमध्ये टाका ना, रंजक आहेत, लोक वाचतील आणि शिवाय खरं काहीतरी शिकतील. पण थंड आकड्यांचा तक्ता टाकणं म्हणजे ज्याला 53 चा नाद लागलाय त्याच्या हातात अजून एक कागद देणं.

याच खात्यात राशी, शुभ आकडे, स्वप्नात दिसलेले आकडे आणि 'लकी काउंटर' येतात. ज्या काउंटरवर सगळ्यात जास्त तिकिटं विकली जातात तिथलीच जास्त तिकिटं लागतात, यात लकी काय आहे? आणि 'थोडक्यात हुकलं!' हे तर बिलकुल नको. सहापैकी पाच जुळले म्हणजे सहाव्याच्या जवळ पोचलो असं काही नसतं, पुढच्या ड्रॉमध्ये तो माणूस इतर सगळ्यांसोबत परत शून्यावर उभा असतो, पण हुकल्याची हळहळच पुढचं तिकीट घ्यायला लावते हे जाहिरातवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. ॲपमधून 'फक्त एका आकड्याने हुकलात, परत ट्राय करा' असं नोटिफिकेशन मी स्वतः लिहिलंय. आज लिहिणार नाही.

एक पोस्टर ओळीने बघू

नुसती तत्त्वं सांगून कळत नाही, म्हणून हा मसुदा घ्या. नमुना म्हणून मीच जोडलाय, पण यातली एकही ओळ मला नवीन नाही, सगळ्या कुठल्या ना कुठल्या ब्रीफमध्ये (क्लायंट काय हवंय ते सांगतो त्या कागदात) आलेल्या आहेत:

"पुढचा विजेता तुम्हीच!
नोकरीचा वैताग? हप्त्यांचं टेन्शन? एका तिकिटात सगळं संपवा.
गेल्या आठवड्यात 2 लाख विजेते!
खेळाल तरच जिंकाल."

पहिली ओळ. 'तुम्हीच' मधला च काढा आधी. तो एक च लॉटरीच्या जाहिरातींतला सगळ्यात महागडा प्रत्यय आहे. 'विजेता तुम्हीही असू शकता' म्हटलं तर निदान खरं होतं, पण तेही शक्यतेचा आकडा जवळ असेल तरच.

दुसरी ओळ तर मुळासकट उपटायची. कर्ज, नोकरी, घरातली भांडणं, एकटेपणा, आजारपण, यातल्या कशावरही लॉटरी हा उपाय म्हणून दाखवायचा नाही, सूचकपणे नाही, विनोदाने नाही, आणि 'टेन्शन फ्री व्हा' असल्या गोलगोल शब्दांत पण नाही. 1980 च्या दशकात शिकागोच्या एका गरीब वस्तीत इलिनॉय राज्याच्या लॉटरीचं होर्डिंग लागलं होतं, त्याचा अर्थ साधारण असा की हेच असू शकेल तुमचं इथून बाहेर पडायचं तिकीट. आज इतकी वर्षं झाली तरी लॉटरीच्या जाहिराती कशा नसाव्यात याचा विषय निघाला की ते होर्डिंग आठवतं. सरकारी लॉटरी, कायदेशीर जाहिरात, 'असू शकेल' असा सावध शब्दसुद्धा होता. पण ज्याच्याकडे बाहेर पडायला दुसरा रस्ता दिसत नाही त्याला नेमका तोच रस्ता दाखवला की तो गंमत म्हणून तिकीट घेत नाही, बेत म्हणून घेतो, आणि तिथून पुढे किती घ्यायची याला धरबंद राहत नाही.

तिसरी ओळ, 2 लाख विजेते. किती तिकिटांपैकी? आणि त्यातल्या कितीजणांना नुसतं तिकिटाचे पैसे परत मिळाले? हे दोन प्रश्न क्लायंटला मेलवर विचारा, तोंडी नको. उत्तर आलं तर तेही छापा, नाही आलं तर ओळ गेली.

चौथी ओळ सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. खेळाल तरच जिंकाल, बरोबरच आहे की. पावसात मोकळ्या माळावर उभे राहाल तरच वीज अंगावर पडेल हेही बरोबर आहे. या ओळीत एक छुपी टोचणी आहे की नाही घेतलं तर तुझंच नुकसान, आणि जो माणूस नेहमी तेच आकडे लावतो त्याला ती फार लागते, कारण एखादा ड्रॉ सोडला आणि नेमके आपलेच आकडे आले तर, ही भीती त्याला दर आठवड्याला काउंटरवर नेते. 'या वेळी चुकवू नका', 'तुमचे आकडे आज आले तर?' ही सगळी याच ओळीची भावंडं.

मी ते पोस्टर असं करीन:

"शनिवारी ड्रॉ. पहिलं बक्षीस अमुक, रोख.
सहाही आकडे जुळायची शक्यता 1 कोटी 39 लाख 83 हजार 816 मध्ये 1.
आकडे लावा, ड्रॉ बघा, तेवढीच धमाल.
बहुतेक तिकिटांना काही लागत नाही. गेले तरी चालतील तेवढ्याच पैशांचं घ्या."

असा मसुदा दाखवल्यावर एका क्लायंटने विचारलं होतं, ही जाहिरात आहे का धोक्याची पाटी? मी म्हटलं ड्रॉ कधी, बक्षीस किती, मजा काय, सगळं आहे की यात. थोडी घासाघीस होऊन शक्यतेची ओळ राहिली पण फॉन्ट निम्मा झाला. विक्री? जॅकपॉट फुगला त्या आठवड्यात वाढली, नाही फुगला त्या आठवड्यात नाही वाढली, आधी व्हायचं तसंच. माझ्या ओळीने कोणाचं काही बिघडलं नाही.

फॉन्टचं आता नक्की ठरवून टाकलंय, बक्षिसाचा आकडा ज्या मापात त्याच्या निम्म्यापेक्षा लहान मापात शक्यता नको, आणि दोन्ही एका नजरेत दिसले पाहिजेत. व्हिडिओत असेल तर बक्षीस जितके सेकंद पडद्यावर तितके सेकंद शक्यताही. हा नियम कुठल्या कायद्यातून आलेला नाही, माझा आहे, तुम्ही तुमचा करा, पण एखादं माप ठरवा, नाहीतर डिझायनर 'नीट दिसत नाहीये' म्हणत दर राउंडला ते एक पॉइंट बारीक करत नेतो.

इशारा असा द्या की तो कळेल

एकदा रेडिओच्या स्पॉटचं रेकॉर्डिंग चालू होतं. शेवटचा इशारा चार सेकंदांत बसवायचा होता, शब्द होते अठ्ठावीस. आवाज देणारी बाई अनुभवी, तिने तीनदा वाचलं, चौथ्यांदा हेडफोन काढले आणि काचेपलीकडून विचारलं, 'हे लोकांना कळायला हवंय का फक्त वाजायला हवंय, तेवढं सांगा म्हणजे तसं वाचते.' स्टुडिओत कोणी काही बोललं नाही. शेवटी वाजलंच ते फक्त, पण तेव्हापासून मी इशाऱ्याचे शब्द आधी लिहितो आणि उरलेल्या सेकंदांत जाहिरात बसवतो. उलटं केलं की इशाऱ्याच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येतं.

'जबाबदारीने खेळा' हे वाक्य मी वापरणं सोडलंय. ऐकून माणूस नेमकं काय करणार? ऑस्ट्रेलियाने 2023 मध्ये ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिरातींतून असलंच गुळमुळीत वाक्य काढून टाकलं आणि त्याजागी सात ठरावीक ओळी आणल्या, त्यातल्या एकीचा भावार्थ असा की तुम्ही हरायचीच शक्यता जास्त आहे. तिथला नियम लॉटरीसाठी नव्हता, पण घ्यायची ती गोष्ट घ्या, इशारा ठोस असला पाहिजे. महिन्याची मर्यादा आधी ठरवा. उसने घेऊन तिकीट घेऊ नका. गेलेले पैसे भरून काढायला अजून तिकिटं घेऊ नका. खेळ थांबवता येत नसेल तर अमुक नंबरवर बोला. यातला नंबर जाहिरात सुटायच्या आदल्या दिवशी स्वतः लावून बघा, मी एकदा लावला तर भलत्याच ऑफिसात लागला होता.

चेहरे कोणाचे, आणि जाहिरात दिसणार कोणाला

ब्रिटनच्या जाहिरात संहितेत लॉटरीसाठी एक नियम आहे तो मला सगळीकडे वापरण्यासारखा वाटतो, खेळताना किंवा महत्त्वाच्या भूमिकेत दाखवलेला माणूस 25 च्या आतला नसावा, आणि दिसायलाही तसा वाटू नये. हे 'वाटू नये' महत्त्वाचं, कारण मॉडेलचा जन्मदाखला बघणाऱ्याला दिसत नसतो. लहान मुलं दाखवायची मोकळीक तिथे फक्त अशा जाहिरातींना आहे ज्या लॉटरीच्या पैशातून होणाऱ्या चांगल्या कामाबद्दलच बोलतात आणि तिकीट घ्या म्हणत नाहीत. बाकी कार्टून, शाळेतली भाषा, पोरांमध्ये चालणारे गेमर आणि रीलस्टार, हे सगळं टाळायचं. भेट म्हणून स्क्रॅचकार्ड द्या, अशी कॅम्पेन असेल तर 'मुलांना देऊ नका' हे स्पष्ट छापा, अमेरिकेत आणि कॅनडात सणासुदीच्या महिन्यात दरवर्षी याचीच वेगळी मोहीम चालवतात.

पण खरं सांगू का, पोस्टरपेक्षा आता जास्त नुकसान टार्गेटिंगमध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला आणि कधी दाखवायची हे ठरवण्यात, होतं, आणि ते कोणाला दिसत नाही. कॉपी एकदम सोज्वळ, आणि ती दाखवली जातेय रात्री दोन वाजता, पगाराच्या दिवशी, ज्याने गेल्या आठवड्यात पाच वेळा तिकिटं घेतली त्याला. मीडिया प्लॅन करणाऱ्यासोबत बसा आणि विचारा. ज्यांनी स्वतःहून खेळ बंद करून घेतलाय त्यांची यादी कॅम्पेनमधून वगळलीये का, आणि ती किती दिवसांनी अपडेट होते? महिन्याने होत असेल तर काल बंद केलेल्या माणसाला महिनाभर जाहिराती जात राहणार. 'आपल्या सर्वोत्तम ग्राहकांसारखे लोक शोधा' असं प्लॅटफॉर्मला सांगितलंय का? हे अगदी नेहमीचं बटण आहे, पण लॉटरीत सर्वोत्तम ग्राहक म्हणजे सगळ्यात जास्त पैसे घालवणारा, त्याच्यासारखे शोधायला लावलं की मशीन मुकाट्याने अडचणीतली माणसं गोळा करून आणून देतं. ते बटण बंद. कर्ज, नोकरी शोध, झटपट पैसे या सर्चवर जाहिरात नको. रात्री दहानंतर नोटिफिकेशन नको. एका माणसाला एका ड्रॉसाठी एकच नोटिफिकेशन, जॅकपॉट कितीही फुगला तरी. आणि जो दोन महिने आलाच नाही त्याला 'आठवण येतेय तुमची' म्हणून फुकट तिकीट पाठवू नका, तो कदाचित प्रयत्नाने थांबला असेल.

विजेत्यांच्या गोष्टी आणि चांगली कामं

विजेत्याची गोष्ट दाखवायला हरकत नाही, पण एक चेहरा दाखवला की बघणाऱ्याच्या मनात शक्यता आपोआप मोठी होते, कारण न लागलेल्यांचे चेहरे कोणी दाखवत नाही. म्हणून गोष्टीसोबत त्या ड्रॉमध्ये किती तिकिटं विकली गेली होती तो आकडा द्या. राजीनामा फेकला, बॉसला सुनावलं, सासरचे सुतासारखे सरळ झाले, असले सीन नकोत. विजेत्याची लेखी संमती, आणि नंतर नको म्हटलं तर काढून टाकायची सोय. 'वीस वर्षं न चुकता खेळत होतो, चिकाटीचं फळ मिळालं' हे विजेता स्वतः मनापासून म्हणाला असला तरी एडिटमध्ये कापा, चिकाटीने आकडे येत नाहीत, आणि ते वाक्य ऐकणारे वीस वर्षं काही न लागलेलेही असतात.

चांगल्या कामांचं सोपं आहे, शाळा, खेळ, दवाखाने यांना पैसे जात असतील तर तिकिटाच्या रकमेतले नेमके किती टक्के जातात ते लिहा आणि पुढे जा. तिकीट म्हणजे दान, असं भासवू नका. ज्याला दान करायचंय तो थेट त्या संस्थेला देईल तर पूर्ण पोचेल.

मोठ्या लॉटरी चालवणाऱ्यांसाठी अजून एक, वर्ल्ड लॉटरी असोसिएशन या लॉटऱ्यांच्या जागतिक संघटनेची जबाबदार खेळाची चार पातळ्यांची प्रमाणपत्रं असतात आणि त्यात जाहिरात हा एक वेगळा घटक आहे. क्लायंटकडे ते असेल तर त्याचे जाहिरातीबद्दलचे अंतर्गत नियम मागून घ्या, बहुतेकदा ते ब्रीफपेक्षा कडक असतात आणि मार्केटिंगवाल्यांनी वाचलेले नसतात. वाद झाला की मी तोच कागद टेबलावर ठेवतो.

सोडायच्या आधी आणि सोडल्यावर

माझी शेवटची तपासणी साधी असते. ऑफिसबाहेरच्या, या कामाशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांना जाहिरात एकदा दाखवायची, फोन बाजूला ठेवायला लावायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे, हे लागायची शक्यता साधारण किती वाटते, आणि यात इशारा काय होता. पहिल्याला 'शंभरात एक, हजारात एक' अशी उत्तरं आली तर वकिलाने पास केलेली जाहिरातही परत दुरुस्तीला जाते. दुसऱ्याला 'इशारा होता का?' असं उत्तर आलं तरीही.

काउंटरवर बसणाऱ्यांना जाहिरातीचं मटेरियल देताना सोबत दोन ओळी द्या, वय विचारा आणि 'आज लागणारच बघा' म्हणून तिकीट गळ्यात मारू नका, कारण पोस्टर कितीही स्वच्छ असलं तरी शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडचं असतं. तक्रारीसाठी पत्ता जाहिरातीवरच छापा आणि कॅम्पेन संपल्यावरही तो चालू ठेवा, तक्रारी बऱ्याचदा उशिरा येतात. येणाऱ्या मेलला उत्तर कोण देणार त्याचं नाव आधीच ठरवून ठेवा, आणि तो माणूस सेल्सच्या टीममधला नसलेला बरा.